पार्श्वभूमी: मोडलेला खुबा आणि ‘बायपोलर’ नावाचा गोंधळ

लालबाग-गिरगावच्या चाळीत मोरीपाशी घसरून आजीचा खुबा मोडला, की दुसऱ्या दिवशी नातेवाइकांच्या तोंडी एकच शब्द असतो: बायपोलर. तो खुब्यात बसवायचा कृत्रिम गोळा; त्याच नावाच्या मनाच्या आजाराशी त्याचा संबंध नाही, हे वॉर्डात आजही समजावून सांगावं लागतं.

पूर्वी पायाला वजनं बांधून म्हाताऱ्या माणसांना महिनोन्‌महिने खाटेवर ठेवत. 1931 साली मोडलेलं हाड जोडून धरणाऱ्या तीन पात्यांच्या खिळ्याची माहिती प्रसिद्ध झाली, 1950च्या दशकात मांडीच्या हाडाच्या टोकाचा मोडका गोळा काढून धातूचा बसवणं रुळलं. वाटीसकट (गोळा जिच्यात फिरतो ती खोबण) अख्खा सांधा बदलण्याची आजची पद्धत 1962च्या सुमारास इंग्लंडमध्ये आकाराला आली, पण ती झिजलेल्या खुब्यासाठी.

बायपोलर आला सत्तरच्या दशकात. यात छोटा गोळा मोठ्या गोळ्याच्या आत फिरतो. हालचाल आतच झाली की रुग्णाची स्वतःची वाटी घासणार नाही, असा हिशेब होता. कल्पना देखणी होती. पुढे दिसलं, की अनेकांत आतली हालचाल कालांतराने मंदावते आणि तो साध्या अखंड गोळ्यासारखाच वागतो. वृद्ध रुग्णांत दोघांची तुलना केली तर चालण्या-फिरण्यात ठळक फरक सापडत नाही. किमतीत मात्र सापडतो. शिवाय वाटी मूळचीच राहते, म्हणजे हा ‘हेमी’, अर्धाच बदल. कागदावर ‘हिप रिप्लेसमेंट’ वाचून घरचे ‘टोटल’, म्हणजे अख्खा सांधा बदलून झाला, असं समजतात. हा गैरसमज वेळीच दूर करण्याची घाई फारशी कुणाला नसते.

हेमी की टोटल, या वादावर 2019 साली 1,495 रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचं प्रमाण टोटलमध्ये 7.9 टक्के, हेमीत 8.3, म्हणजे जवळपास सारखंच. सांधा निखळणं किंवा डळमळणं टोटलमध्ये 4.7 टक्के, हेमीत 2.4. दुखणं आणि हालचाल यांत टोटल किंचित सरस ठरलं. 2022च्या एका चाचणीत सिमेंटशिवाय बसवलेल्या हेमीपेक्षा सिमेंट लावून बसवलेल्या हेमीचं पारडं चार महिन्यांनी जड दिसलं.

मांडीचं हाड त्याच्या ‘माने’च्या, म्हणजे गोळ्याखालच्या निमुळत्या भागाच्या, खाली मोडलं तर मामला निराळा. तिथे सहसा गोळा न बदलता सरकता स्क्रू किंवा रॉड घालतात.

2019च्या चाचणीतली हालचाल ज्या प्रश्नावलीवर मोजली, तिच्यात जिने आहेत, मोजे घालणं आहे, टबात उतरणंही आहे. मांडी घालून जेवायला बसणं आणि उकिडवं बसणं यांचा प्रश्न तिच्यात नाही.