घोड्यांची पागा : मुंबईतील निगा

घोडे बांधण्याची, त्यांच्या दाणापाण्याची व विश्रांतीची जागा म्हणजे पागा किंवा तबेला. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवरील (१८८३) पागा सर्वपरिचित आहेत. व्हिक्टोरिया या घोडागाड्यांचे तबेले मात्र दाटीवाटीच्या वस्त्यांत असत. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या गाड्या वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला. पावसाळ्यात शर्यतींचा हंगाम पुण्याला हलतो. रपेटीचे आणि वरातीचे घोडे मुंबईतच राहतात आणि खरी कसोटी त्यांच्याच पागेची लागते.

येथील मुख्य शत्रू ओल आणि कोंदट हवा. पाऊस आत येऊ नये म्हणून चहूबाजूंनी ताडपत्री बांधण्याची सवय सर्रास दिसते. ती घोड्याच्या छातीला पावसापेक्षा जास्त बाधते. लीद व मूत्र कुजून सुटणारा अमोनिया बिछान्याजवळ साठतो, आणि घोडा मान खाली घालून खातो, तिथेच आडवा होतो. उभ्याने पाहणाऱ्याला पागा स्वच्छ वाटते, म्हणून उकिडवे बसून वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर पेंढा तातडीने बदलावा. छप्पर पुढे काढून सरी अडवाव्यात, वारा अडवू नये.

ओल्या बिछान्यात खुराच्या तळव्याचा मऊ भाग सडतो व काळा, घाण वासाचा द्रव येतो. मोतद्दाराने, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या नोकराने, रोज खरारा करताना चारही खूर उचलून आकडीने साफ करावेत. एक घोडा दिवसाला साधारण १५ ते २० किलो लीद टाकतो. ती आवारात साचली की माश्या आल्याच.

बुरशी लागलेला चारा फेकून द्यावा. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटशूळ जिवावर बेततो. चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, उंदरांपासून सुरक्षित, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी. ताजे पाणी सतत हवे. ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात घाम वाळत नाही आणि काही घोड्यांचा घाम येणेच बंद होते. तेव्हा अंगावर पाणी मारून पंखा लावतात, मात्र त्याची वायर घोड्याच्या तोंडाला लागता कामा नये.

ठाण, म्हणजे एका घोड्याची बांधण्याची जागा, सुमारे १२ फूट लांब-रुंद असावे, जमीन खरबरीत. वर आलेल्या खिळ्याची जखम लहान दिसली तरी धनुर्वाताची लस लागते. घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो. पेंढ्याजवळ विडी-सिगारेट नको आणि दोर एका झटक्यात सुटेल अशा गाठीनेच बांधावा.