यहूदाचा पहिला प्रांताधिकारी शेशबस्सर : पार्श्वभूमी

हिब्रू शास्त्रातील एज्राच्या ग्रंथात शेशबस्सर हे नाव अवघे चार वेळा येते, आणि ते चारही उल्लेख दोनच मजकुरांत आहेत. पहिला मजकूर म्हणजे बाबेलहून, म्हणजे बॅबिलोनहून, यरुशलेमला परत पाठवलेल्या मंदिराच्या पात्रांची मोजदाद. दुसरा म्हणजे त्यानंतर सुमारे अठरा वर्षांनी फरात (युफ्रेटिस) नदीपलीकडच्या पर्शियन सुभेदाराने राजाला लिहिलेले पत्र. या दोन्हींच्या मध्ये असलेल्या कथेत, म्हणजे लोक परतले, वेदी उभी राहिली, मंदिराचा पाया घातला गेला आणि शेजाऱ्यांशी तंटा झाला या हकिकतीत, त्याचा कोठेही पत्ता नाही. तेथे नायक आहेत यहोयाखीन राजाचा नातू जरुब्बाबेल आणि याजक येशूवा. बखर आणि अस्सल कागद यांतला भेद मराठी वाचकाला चांगला ठाऊक आहे, आणि शेशबस्सर समजून घ्यायचा तर हाच भेद हाताशी ठेवावा लागतो, कारण तो उरला आहे तो केवळ कागदांमुळे. माझ्या मते त्याच्या ऐतिहासिकतेचा सर्वांत भक्कम आधारही हाच आहे, कारण ज्याला कथेत जागा द्यावी असे पुढच्या पिढीला वाटले नाही, त्याचे नाव मोजदादीत आणि सरकारी पत्रात कोणी मुद्दाम घालण्याचे कारण दिसत नाही.

या प्रकरणाची सुरुवात इ.स.पू. ५९७ मध्ये होते. त्या वर्षी बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले आणि यहूदाचा, म्हणजे यरुशलेमभोवतीच्या यहुदी राज्याचा, अठरा वर्षांचा राजा यहोयाखीन, त्याची आई, दरबारी, सैनिक आणि कारागीर यांना बाबेलला नेले. दहा-अकरा वर्षांनी, त्याच्या जागी बसवलेल्या सिद्कीया राजाच्या बंडानंतर, नगर दुसऱ्यांदा पडले, मंदिर जाळले गेले आणि उरलीसुरली धातूची सामग्रीही गेली. ही पात्रे बाबेलच्या राजाने आपल्या दैवताच्या मंदिरात ठेवली, असे एज्राचा ग्रंथ सांगतो. राजांच्या दुसऱ्या ग्रंथात मात्र पहिल्याच स्वारीत शलमोनाच्या काळची सोन्याची पात्रे तोडून टाकल्याचे म्हटले आहे, त्यामुळे पुढे जे परत आले ते सगळेच्या सगळे मूळचे होते असे समजण्याचे कारण नाही. तरीही या पात्रांना लोकांच्या मनात विलक्षण स्थान होते. दोन विध्वंसांच्या मधल्या काळात हनन्या नावाच्या संदेष्ट्याने दोन वर्षांच्या आत पात्रे परत येतील असे मंदिरात सर्वांसमक्ष जाहीर केले, आणि यिर्मया या दुसऱ्या संदेष्ट्याने त्याला तेथेच विरोध केला. तो वाद वरकरणी भांड्यांचा असला, तरी बाबेलची सत्ता किती काळ टिकणार आणि देवाने आपल्या लोकांना कायमचे टाकले आहे काय, हे त्यातले खरे प्रश्न होते.

बाबेलमध्ये यहोयाखीनचे काय झाले, याचा पुरावा शास्त्राबाहेरही मिळाला आहे. रोबेर्ट कोल्डेवाय यांच्या उत्खननात बाबेलच्या राजवाड्यात सापडलेल्या आणि १९३९ मध्ये एर्न्स्ट वायडनर यांनी प्रसिद्ध केलेल्या मृत्तिकापट्टिकांवर राजवाड्याच्या कोठारातून दिलेल्या तेलाचा हिशेब आहे. त्यात यहूदाचा राजा म्हणून यहोयाखीनचे नाव आहे आणि त्याच्या पाच मुलांच्या वाट्याचीही नोंद आहे. यांतली एक पट्टिका इ.स.पू. ५९२ ची आहे. मुलांची नावे तेथे दिलेली नाहीत, पण पदच्युत राजाचे कुटुंब बाबेलच्या राजवाड्यात राजघराणे म्हणूनच ओळखले जात होते, एवढे त्यातून निश्चित होते. शेशबस्सर कोण होता या प्रश्नाशी या नोंदीचा जवळचा संबंध आहे.

इ.स.पू. ५३९ च्या ऑक्टोबरात बाबेल पर्शियाच्या कोरेशच्या, म्हणजे इतिहासाच्या पुस्तकांतल्या सायरसच्या, ताब्यात गेले. शेवटचा बाबेली राजा नबोनिदस याने ठिकठिकाणच्या देवमूर्ती राजधानीत आणून ठेवल्या होत्या. त्या पुढील काही महिन्यांत आपापल्या गावी परत पाठवल्या गेल्या, असे बाबेलच्या बखरवजा नोंदींत आढळते. १८७९ मध्ये सापडलेल्या कोरेशच्या मातीच्या लेखवृत्तचितीवरही हेच धोरण अभिमानाने सांगितले आहे. ती वृत्तचिती २०१३ च्या अखेरीस मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात प्रदर्शनासाठी आली होती, त्यामुळे अनेक मराठी वाचकांनी ती प्रत्यक्ष पाहिलेली असेल. तिच्यात यहुद्यांचा किंवा यरुशलेमचा उल्लेख नाही. तिच्यातली नावे मेसोपोटेमियातल्या आणि तैग्रिसपलीकडच्या नगरांची आहेत. म्हणून तिला यहुद्यांच्या मुक्ततेची सनद म्हणणे चुकीचे आहे. मात्र ज्या राज्यकारभारात अशी सनद निघू शकते तो कसा होता, हे ती उत्तम दाखवते. मूर्ती परत पाठवून स्थानिक देवस्थाने पूर्ववत करायची आणि त्या बदल्यात स्थानिकांची निष्ठा मिळवायची, ही त्या कारभाराची रीत होती. यहूदाच्या देवाची मूर्तीच नव्हती, त्यामुळे परत पाठवण्यासारखे जे होते ते पात्रेच. इतर लोकांच्या बाबतीत जे काम मूर्तीच्या मिरवणुकीने झाले असेल ते येथे पेट्यांत बांधलेल्या भांड्यांनी झाले, आणि ती पोहोचवण्याची जबाबदारी ज्याच्यावर टाकली तो शेशबस्सर.

त्या हवालीचे वर्णन बारकाईने वाचण्यासारखे आहे. कोरेशच्या आज्ञेने मिथ्रदाथ नावाच्या खजिनदाराने पात्रे बाहेर काढली आणि यहूदाचा सरदार शेशबस्सर याला ती मोजून दिली. खजिनदाराचे नाव पर्शियन, त्याच्या हुद्द्यासाठी वापरलेला शब्दही पर्शियनमधून आलेला, आणि पुढची यादी तर सरळ कोठारातल्या टाचणासारखी आहे : सोन्याची तबके ३०, चांदीची तबके १,०००, सुऱ्या २९, सोन्याचे कटोरे ३०, चांदीचे दुय्यम प्रतीचे कटोरे ४१०, इतर पात्रे १,०००. यानंतर एकूण सोन्याचांदीची पात्रे ५,४०० असा आकडा दिला आहे. वरच्या रकमांची बेरीज मात्र २,४९९ भरते. पहिला एस्द्रास या ग्रीक ग्रंथात हीच यादी वेगळ्या आकड्यांनी येते, तेथे एकूण ५,४६९ आहे आणि बेरीज चोख जुळते. ती जुळते म्हणून ग्रीक पाठच मूळचा असे मानण्याकडे काहींचा कल असतो, पण न जुळणारा हिशेब नंतरच्या नकलकाराने जुळवून ठेवला असण्याचा संभव मला अधिक वाटतो. हिब्रू यादी कोठेतरी फाटली किंवा नकलताना गळाली, हे उघड आहे. यादी रचणाऱ्याने ती कल्पनेने रचली असती, तर निदान बेरीज तरी बरोबर केली असती.

अशी मोजदाद हा त्या कारभाराचा नित्याचा भाग होता. पुढे पर्शियाच्या अर्तहशश्त राजाच्या काळात, ज्याच्या नावाचा हा ग्रंथ आहे तो याजक एज्रा स्वतः बाबेलहून निघाला, तेव्हा त्याने सोने, चांदी आणि पात्रे बारा प्रमुख याजकांच्या हाती तोलून दिली, आणि यरुशलेमला पोहोचल्यावर ती पुन्हा तोलून घेऊन नग आणि वजन लिहून ठेवले गेले. तो प्रवास चार महिन्यांचा होता. शेशबस्सरच्या प्रवासाचा तपशील ग्रंथात नाही. बाबेलहून बंदिवान वर नेले गेले तेव्हा त्याने ही सर्व पात्रे बरोबर नेली, एवढेच एक वाक्य आहे.

आता तो कोण होता, हा प्रश्न. त्याला दिलेला ‘यहूदाचा सरदार’ हा किताब राजघराण्याकडे बोट दाखवतो असे अनेकांना वाटले. इतिहासाच्या पहिल्या ग्रंथात यहोयाखीनच्या सात मुलांची नावे आहेत आणि त्यांत शनस्सर हे एक आहे. शनस्सर आणि शेशबस्सर एकच, असे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन इतिहासकार एडुआर्ड मायर यांच्यासारख्या अभ्यासकांनी मांडले, आणि ते मत दीर्घकाळ मान्य राहिले. ते खरे असते तर तेल मिळणाऱ्या त्या पाच मुलांपैकी एक, वयाची पन्नाशी ओलांडलेला राजपुत्र आणि जरुब्बाबेलचा चुलता, असे त्याचे चित्र सहज उभे राहिले असते. परंतु १९७१ मध्ये पी. आर. बर्गर यांनी दोन्ही नावांचे बाबेली मूळ तपासून दाखवले की एक नाव चंद्रदेव सीन याच्यावरून तर दुसरे सूर्यदेव शमश याच्यावरून ठेवलेले आहे आणि ती एकमेकांची रूपे असू शकत नाहीत. तेव्हापासून हे समीकरण बरेच मोडले आहे. तो दाविदाच्या वंशातला असूही शकतो, पण शनस्सरच्या आधारे ते सिद्ध करता येत नाही.

दुसरे आणि अधिक जुने उत्तर असे की शेशबस्सर म्हणजे जरुब्बाबेलच. दोघेही परत आलेल्यांचे पुढारी, दोघांनाही प्रांताधिकारी म्हटले आहे, दोघांनीही पाया घातला असे सांगितले आहे, तेव्हा दोन नावांचा एकच माणूस मानला की अडचण मिटते. राशी या मध्ययुगीन यहुदी भाष्यकाराने तर जुन्या परंपरेला धरून त्याला दानिएल मानले. या दोन्ही मतांमागे एकच ओढ दिसते : अनोळखी माणसाला ओळखीच्या माणसात सामावून घ्यावे. पण ग्रंथातला दुसरा मजकूर नीट वाचला, तर जरुब्बाबेलशी त्याचे एकरूपत्व टिकत नाही.

तो मजकूर पर्शियाच्या दारयावेश (डरायस) राजाच्या दुसऱ्या वर्षानंतरचा, म्हणजे इ.स.पू. ५२० च्या सुमाराचा आहे. हाग्गय आणि जखऱ्या या संदेष्ट्यांच्या प्रेरणेने जरुब्बाबेल आणि येशूवा यांनी रखडलेले बांधकाम पुन्हा हाती घेतले होते. दारयावेशाच्या राज्यारोहणाच्या वेळी साम्राज्यभर बंडे झाली होती, आणि अशा दिवसांत एखाद्या प्रांतात मोठी दगडी इमारत उभी राहू लागली तर सुभेदाराने चौकशी करणे स्वाभाविकच होते. फरातपलीकडचा सुभेदार ततनइ यरुशलेमला आला आणि ही परवानगी कोणी दिली, बांधणाऱ्यांची नावे काय, असे त्याने विचारले. हा ततनइ कथेतले पात्र नव्हे. इ.स.पू. ५०२ च्या एका बाबेली पट्टिकेत त्याच हुद्द्यासह त्याचे नाव मिळाले आहे. यहुदी वडीलजनांनी त्याला दिलेले उत्तर त्याने राजाकडे कळवले : कोरेशने बाबेलच्या मंदिरातून पात्रे काढून शेशबस्सर नावाच्या माणसाला दिली, त्याला प्रांताधिकारी नेमले, मग त्या शेशबस्सरने येऊन देवाच्या मंदिराचा पाया घातला आणि तेव्हापासून आजवर काम चालू आहे, पण पुरे झालेले नाही. त्या वेळी जरुब्बाबेल तेथे हयात होता आणि कामावर होता. तोच शेशबस्सर असता, तर वडीलजनांनी त्याच्याबद्दल ‘त्या नावाचा एक माणूस’ असे बोलण्याचे कारण नव्हते. त्यांना पूर्वीच्या, कदाचित तोवर मरण पावलेल्या, अधिकाऱ्याची नेमणूक सांगायची होती, कारण त्यांच्या कामाची कायदेशीर बाजू त्या नेमणुकीवरच उभी होती.

मग पाया कोणी घातला? कथा सांगते जरुब्बाबेलने, जखऱ्याही तेच सांगतो, आणि पत्र सांगते शेशबस्सरने. वडीलजन सोयीचे तेवढे बोलले, असा अर्थ काही अभ्यासक काढतात. कोरेशच्या परवान्याशी काम अखंड जोडलेले दाखवणे त्यांच्या फायद्याचे होते, हे खरेच आहे. तरी अगदीच न घडलेली गोष्ट सरकारी चौकशीत सांगणे धोक्याचे होते. इ.स.पू. ५३८ नंतर लवकरच शेशबस्सरने प्रारंभाचे काही काम केले, ते थांबले, आणि ५२० मध्ये जरुब्बाबेलने नव्याने पाया-समारंभ केला, हा उलगडा मला सर्वांत सरळ वाटतो.

त्याच्या अधिकाराविषयीही वाद आहे. यहूदा हा त्या काळी स्वतंत्र प्रांत नव्हता, तो उत्तरेकडच्या शोमरोनच्या (समारियाच्या) अखत्यारीत होता आणि शेशबस्सर हा केवळ पात्रे पोहोचवण्यापुरता नेमलेला अधिकारी होता, असे आल्ब्रेख्त आल्ट यांनी १९३४ मध्ये मांडले. याच्या उलट यहूदाचा पुढच्या काळातला प्रांताधिकारी नहेम्या आपल्या आधीच्या प्रांताधिकाऱ्यांनी लोकांवर बोजा टाकल्याचे लिहितो, म्हणजे असे अधिकारी होतेच. १९७६ मध्ये नाहमान अविगाद यांनी प्रसिद्ध केलेल्या यहूदातल्या मुद्रांत एलनाथान नावाच्या प्रांताधिकाऱ्याचे नाव आढळले, आणि त्यांनी शेशबस्सर, जरुब्बाबेल, एलनाथान अशी अधिकाऱ्यांची सलग मालिका मांडली. त्या मुद्रांच्या काळाबद्दल एकमत नाही, पण आल्ट यांचे मत आता पूर्वीइतके निर्विवाद राहिलेले नाही.

परत आलेल्यांच्या मोठ्या यादीत जरुब्बाबेल, येशूवा, बिग्वई, रहूम, बाना अशी पुढाऱ्यांची नावे आहेत, ४२,३६० लोकांची गणती आहे, घोडे, खेचरे, उंट आणि गाढवेही मोजलेली आहेत, परंतु शेशबस्सर नाही. याचे कारण ५२० च्या आसपासच्या आशांत शोधावे लागते. हाग्गयने जरुब्बाबेलला देवाची मुद्रिका म्हटले होते, आणि दाविदाच्या वंशातला, नावानिशी ठाऊक असलेला पुढारी लोकांसमोर उभा होता. आरंभाची सारी कामे त्याच्याकडे वळत गेली. पहिल्या एस्द्रासच्या ग्रीक पाठात तर कोरेशने पात्रे दिली त्या जागी शेशबस्सरच्या शेजारी जरुब्बाबेलचेही नाव घातलेले सापडते.

ततनइच्या पत्रावरून दारयावेशाने दप्तर शोधायला लावले. बाबेलच्या कोठारात काही मिळाले नाही. मादय प्रांतातल्या राजवाड्यात, आजच्या इराणमधील हमादान येथे, कोरेशचे अरामी टिपण सापडले. त्यात मंदिराची उंची आणि रुंदी साठ साठ हात, मोठ्या दगडांचे तीन थर आणि लाकडाचा एक, खर्च राजाच्या खजिन्यातून, आणि पात्रे परत करावी, असे लिहिलेले होते. नेमलेल्या अधिकाऱ्याचे नाव त्यात नव्हते, तरी वडीलजनांचे म्हणणे खरे ठरण्यास ते पुरेसे झाले, आणि दारयावेशाने कामात अडथळा आणू नये असा हुकूम सोडला. दारयावेशाच्या सहाव्या वर्षी, इ.स.पू. ५१५ मध्ये, अदार महिन्याच्या तिसऱ्या दिवशी मंदिर पूर्ण झाले. त्या पूर्णतेच्या वृत्तान्तात वडीलजन, दोन संदेष्टे आणि पर्शियाचे राजे यांचा उल्लेख आहे. शेशबस्सरचे नाव तेथे नाही, आणि जरुब्बाबेलचेही नाही.