डॅक घ्यायचा की सीडी प्लेअर?

मावसभाऊ गेल्या महिन्यात नाशिकहून आला तो काकांचा सीडी प्लेअर पिशवीत घालूनच. प्लेअर वीसेक वर्षांचा. सीडी घातली की आत दोन-तीनदा घरघर होते आणि समोर ‘नो डिस्क’ उमटतं. घरी काकांनी जमवलेल्या तीनशेच्या आसपास सीडी आहेत, बहुतेक शास्त्रीय गाण्याच्या. काका कामासाठी मुंबईला गेले की काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊसमध्ये तासभर तरी जायचाच. ते दुकान 2016 मध्ये बंद झालं. त्यामुळे या सीडी म्हणजे पुन्हा दुकानात जाऊन आणता येईल असा माल राहिलेला नाही. भावाचा प्रश्न सरळ होता: “दादा, नवा सीडी प्लेअर घेऊ, की सगळे सांगतात तसा डॅक घेऊ?”

उत्तर देण्याआधी मी प्लेअरचं झाकण काढलं आणि त्याला आत बघायला लावलं. एका कोपऱ्यात ट्रान्सफॉर्मर. मधोमध ट्रे, त्याच्याखाली सीडी फिरवणारी छोटी मोटर आणि तिच्या शेजारी मसुराच्या दाण्याएवढी लेन्स. तिथून कागदासारखी पातळ रिबन केबल मोठ्या बोर्डावर जाते. त्या बोर्डाच्या मागच्या कडेला, लाल-पांढऱ्या आरसीए सॉकेटांच्या जवळ, नखाएवढी काळी चिप. तिच्यावर बोट ठेवून म्हटलं, “हा डॅक.”

“म्हणजे यात डॅक आहेच?”

आहेच. सगळा घोळ इथून सुरू होतो. डॅक आणि सीडी प्लेअर या एकाच कामाच्या दोन वस्तू नाहीत. सीडी प्लेअर सीडीवरचे आकडे वाचतो, त्या आकड्यांचा विजेचा चढउतार बनवतो आणि तो अ‍ॅम्पला (स्पीकर चालवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला) पेलेल इतका करून बाहेर पाठवतो. डॅक, म्हणजे डिजिटल टू अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर, यातली शेवटची दोन कामं करतो. त्याला सीडी दिसतच नाही. कोणीतरी आकडे आणून द्यावे लागतात, मग तो फोन असो, लॅपटॉप असो, टीव्ही असो किंवा सीडी प्लेअरच असो. नुसता डॅक घरी आणला तर काकांची एकही सीडी वाजणार नाही, हे भावाला दुकानात कोणी सांगितलंच नव्हतं.

मग वेगळा डॅक ही कल्पना आली कुठून? 1 ऑक्टोबर 1982 ला जपानमध्ये सोनीचा सीडीपी-101 बाजारात आला. त्या काळी 16 बिटचा (बिट जितके जास्त तितकं मोजमाप बारीक) चांगला डॅक इतका महाग होता की सोनीने त्या प्लेअरमध्ये एकच बसवला आणि तो डाव्या-उजव्या चॅनेलला आळीपाळीने वापरला. त्यामुळे दोन चॅनेलमध्ये सुमारे 11 मायक्रोसेकंदांचं अंतर पडायचं. फिलिप्सकडे तर तेव्हा 14 बिटचाच डॅक होता. त्यांनी तो चौपट वेगाने, म्हणजे सेकंदाला 1,76,400 वेळा चालवून ती उणीव भरून काढली. यंत्रणा मात्र दणकट. फिलिप्सच्या सुरुवातीच्या सीडीएम-1 यंत्रणेत धातूचं ओतीव अंग होतं, काचेची लेन्स होती आणि लेन्सचा हात घड्याळाच्या काट्यासारखा आडवा फिरायचा. म्हणजे त्या काळी यंत्रणा पोलादी आणि डॅक कमजोर. अशा वेळी पुढच्या काही वर्षांत आर्कम या ब्रिटिश कंपनीच्या ब्लॅक बॉक्ससारखे वेगळे डॅक आले आणि लोकांनी जुन्या प्लेअरच्या मागे ते जोडले. ते अगदी योग्य होतं.

आज चित्र उलटं आहे, आणि मला सांगायचं आहे ते हेच. चांगली डॅक चिप आता स्वस्त झाली आहे. दहा-बारा हजारांच्या डॅकमध्येही गोंगाट आणि विकृती कानाला जाणवण्याच्या कितीतरी खाली असते. सीडी फिरवणाऱ्या चांगल्या यंत्रणा मात्र दुर्मीळ होत चालल्या आहेत. प्लेअर म्हातारा होतो तो लेन्समुळे, मोटरमुळे आणि ट्रेच्या रबरी पट्ट्यामुळे. डॅक चिप सहसा मरत नाही. दुरुस्तीवाला “लेन्स गेली” म्हणतो, “डॅक गेला” असं मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

या लेन्सचं काम किती नाजूक आहे ते एकदा समजून घेण्यासारखं आहे. सीडीवरची रेघ आतून बाहेर जाणारी एकच सर्पिल रेघ असते. उलगडली तर ती पाच किलोमीटरहून लांब भरेल. शेजारच्या दोन वळणांत अंतर 1.6 मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीत अशी कितीतरी वळणं मावतील. आतल्या बाजूला सीडी मिनिटाला सुमारे 500 फेऱ्या घेते आणि कडेला पोचेपर्यंत सुमारे 200 वर येते, कारण लेन्सखालून रेघ सरकण्याचा वेग सारखा ठेवावा लागतो. सीडी थोडी वाकडी असते, भोक अगदी मधोमध नसतं, आणि तरीही लेन्स वर-खाली, डावी-उजवी होत त्या रेघेवर टिकून राहते. कोकणातल्या पावसाळ्यात चार महिने यंत्र बंद राहिलं की याच लेन्सवर ओलाव्याचा पातळ पापुद्रा धरतो आणि धडधाकट प्लेअर सीडी ओळखेनासा होतो.

तरीही आकडे बहुतेक वेळा जसेच्या तसे बाहेर येतात. सीडीवर प्रत्येक चॅनेलसाठी सेकंदाला 44,100 नोंदी असतात, प्रत्येक 16 बिटची. दोन चॅनेल मिळून सेकंदाला 14,11,200 बिट. हे बिट एका ओळीत न ठेवता विखरून आणि जास्तीच्या तपासणी-आकड्यांसह लिहिलेले असतात. त्यामुळे रेघेच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरचा ओरखडा असला तरी हरवलेले आकडे गणिताने तंतोतंत परत मिळतात. त्याहून मोठा असेल तर प्लेअर मागच्या-पुढच्या आकड्यांवरून अंदाज बांधतो, आणि तेही जमलं नाही तर क्षणभर गप्प होतो. म्हणून स्वच्छ सीडी वाचताना साध्या प्लेअरचे आणि लाखाच्या प्लेअरचे आकडे एकच असतात. लाखाचं यंत्र ओरखडलेली सीडी जास्त चिवटपणे वाचेल, ट्रे आवाज न करता आत घेईल, जास्त वर्षं टिकेल. त्यासाठी पैसे द्यावेत, पण जास्त ‘मोकळा’ सूर मिळेल म्हणून देऊ नयेत.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे जिटर. आकडे बरोबर असले तरी ते ठरल्या ठेक्यावर पोचायला हवेत, हे खरं आहे. तबलजीने बोल बरोबर वाजवले पण मात्रा इकडे-तिकडे सांडल्या तर ठेका बिघडतोच. पण अलीकडचे बरेचसे डॅक येणारा ठेका जसाच्या तसा न घेता स्वतःच्या घड्याळावर नीट लावून घेतात. हा मुद्दा 1990 च्या सुमारास जितका खरा होता तितका आज राहिलेला नाही.

ज्यांना कानाने खात्री करायची आहे त्यांच्याकडे सोपा मार्ग आहे. प्लेअरच्या मागे कोअ‍ॅक्सियल किंवा ऑप्टिकल आउटपुट (आकडे तसेच बाहेर देणारं सॉकेट) असेल तर ते डॅकला जोडा आणि डॅक अ‍ॅम्पच्या एका इनपुटला. प्लेअरचं नेहमीचं आरसीए आउटपुट दुसऱ्या इनपुटला. आता एकच सीडी एकाच वेळी दोन वाटांनी येते आणि तुम्ही फक्त अ‍ॅम्पचं बटण फिरवायचं. मात्र आवाजाची पातळी आधी जुळवून घ्या. प्लेअर साधारण 2 व्होल्ट देतो. डॅक 2.5 देत असेल तर तो जवळजवळ दोन डेसिबलने मोठा वाजतो, आणि कानाला मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. चारशे हर्ट्झचा सलग सूर लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर धरला की हे काम पाच मिनिटांत होतं. माझ्या प्लेअरवर मी हे केलं तेव्हा पातळी जुळवण्याआधी वाटलेला मोठा फरक जुळवल्यावर इतका बारीक झाला, की तंबोऱ्याच्या जवारीवर लक्ष ठेवूनही कोणती वाट चालू आहे हे मला खात्रीने सांगता येईना. डॅक वाईट होता असं नाही, प्लेअरमधला डॅकच चांगला होता.

काही ठिकाणी मात्र पूर्ण सीडी प्लेअरच हवा. ऐंशीच्या दशकातल्या काही सीडी, विशेषतः जपानमध्ये छापलेल्या, प्री-एम्फसिस लावून काढलेल्या आहेत. ध्वनिमुद्रणात वरचे सूर मुद्दाम उचललेले असतात, अगदी वरच्या टोकाला सुमारे 10 डेसिबलने, आणि वाजवताना प्लेअरने ते खाली आणायचे असतात. तसा संकेत सीडीवरच असतो. सीडी प्लेअर तो सहसा पाळतो. बाहेरच्या डॅकपर्यंत संकेत पोचला तरी पुष्कळ डॅक तिकडे लक्ष देत नाहीत. मग सतार टोचायला लागते, ‘स’ फिसफिसतो, आणि ऐकणारा दोष त्या सीडीला देतो. संग्रहात जुन्या जपानी सीडी असतील तर ही गोष्ट लक्षात ठेवाच. दुसरी बाब सुपर ऑडिओ सीडीची. त्यांचा उच्च दर्जाचा थर कोअ‍ॅक्सियल किंवा ऑप्टिकल वाटेने बाहेर सोडायला परवानगीच नाही. त्या वाटेने डॅकला मिळतो तो फक्त साध्या सीडीचा थर, तोही त्या सीडीवर असलाच तर.

आणि तिसरं कारण यंत्राचं नाही, माणसाचं आहे. माझी आई आजही सीडी घालते आणि एक बटण दाबते. अ‍ॅप, वायफाय, पासवर्ड काहीही मधे येत नाही. सत्तर मिनिटांचा एक राग सुरू झाला की संपेपर्यंत चालतो, मधे फोन वाजून तान तुटत नाही. घरात असा ऐकणारा असेल तर सीडी प्लेअर घ्यायला एवढं कारण पुरेसं आहे.

डॅकचं खरं राज्य सुरू होतं ते गाणी फाइलमध्ये किंवा स्ट्रीमिंगवर असतील तेव्हा. एकच डॅक लॅपटॉपला यूएसबीने, टीव्हीला ऑप्टिकलने आणि जुन्या प्लेअरला कोअ‍ॅक्सियलने जोडता येतो. पण इथेही एक खाचखळगा आहे. अँड्रॉइड फोन सहसा सगळा आवाज 48,000 च्या दराने एकत्र मिसळून बाहेर पाठवतो, म्हणजे सीडीच्या 44,100 चं रूपांतर वाटेतच होतं. फार मोठं नुकसान होत नाही, पण ‘जसंच्या तसं’ हवं असेल तर डॅकशी थेट बोलणारं अ‍ॅप लागतं. ब्लूटूथने जोडलंत तर आकडे दाबून, लहान करूनच पाठवले जातात. चांगल्या गणल्या जाणाऱ्या एलडॅक या ब्लूटूथ पद्धतीची (नावात डॅक असलं तरी हा डॅक नव्हे) मर्यादाही सेकंदाला 990 किलोबिट आहे, सीडीच्या 1,411 च्या बरीच खाली. डॅकवर हजारो रुपये घालवून तो ब्लूटूथने वाजवणं पैशाला न्याय देणारं नाही. साधी यूएसबी केबल बरी.

भावाला शेवटी मी सांगितलं ते असं. त्याचं सगळं गाणं सीडीवर आहे, पण ऐकणारा तो आहे, काका नव्हेत. तो फोनवर ऐकतो, लॅपटॉपवर ऐकतो. तेव्हा मध्यम किमतीचा डॅक घ्यावा आणि दीड-दोन हजारांचा यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह घेऊन सीडी फ्लॅकमध्ये, म्हणजे एकही आकडा न गमावता लहान केलेल्या फाइलमध्ये, उतरवून ठेवाव्यात. एक सीडी साधारण साडेतीनशे एमबी होते, म्हणजे तीनशे सीडी शंभर-सव्वाशे जीबीत बसतात. त्या दोन ठिकाणी ठेवायच्या, एक प्रत नाशिकला आणि एक माझ्याकडे. जुन्या प्लेअरची लेन्स मिळाली तर बदलायची आणि तो डॅकला जोडून यंत्रणा म्हणून वापरायचा. मुद्दाम नवीन घ्यायचंच तर केंब्रिज ऑडिओच्या सीएक्ससीसारखे डॅक नसलेले, नुसती सीडी वाचून आकडे बाहेर देणारे ट्रान्सपोर्टही मिळतात. पण डॅक घरात नसताना ते घेऊ नयेत, कारण त्यांना साध्या (आत डॅक नसलेल्या) अ‍ॅम्पला थेट जोडताच येत नाही.

उतरवायचं काम कंटाळवाणं आहे हे आधीच सांगून ठेवतो. मराठी आणि शास्त्रीय सीडींची माहिती इंटरनेटवर पुष्कळदा नसते, असली तरी चुकीची. आम्ही पहिल्या रविवारी अकरा सीडी केल्या. एकीवर मारव्याच्या जागी पूरिया उमटला होता, दुसरीवर गायिकेचं नावच नव्हतं. कव्हरच्या आतला कागद उघडून राग, ताल, साथीदार सगळं हाताने टंकलं. काकांनी एका कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, ‘विलंबित नीट ऐकणे.’ तोही आम्ही फोटो काढून त्या फोल्डरमध्ये ठेवला.

जुना प्लेअर विकत घेणार असाल तर दुकानात घरची एक सीडी घेऊन जा, सत्तर मिनिटांहून लांब. पहिलं गाणं लावू नका, शेवटचं लावा. कडेला सीडी जास्त हेलकावते आणि थकलेली लेन्स तिथे दगा देते. मग एक घरी रेकॉर्ड केलेली सीडी घाला. तिच्यावरून प्रकाश छापील सीडीपेक्षा कमी परततो, म्हणून कमजोर लेन्स आधी तिलाच नाही म्हणते. दोन्ही वाजल्या तर आतला डॅक कोणता, हे विचारायची गरज नाही.