पदवी एका विषयाची, नोकरी दुसऱ्याच विषयाची

शिक्षण आणि नोकरी यांच्यातील विसंगतीचे दोन प्रकार अर्थशास्त्रज्ञ मानतात. कामाला लागते त्याहून अधिक शिक्षण असणे ही उभी विसंगती. पदवीची पातळी योग्य, पण विषयच वेगळा, ही आडवी विसंगती. पहिलीची चर्चा पुष्कळ होते. दुसऱ्या प्रकाराकडे मात्र संशोधकांचेही लक्ष बऱ्याच उशिरा गेले.

अमेरिकेत १९९३ साली पदवीधरांची मोठी राष्ट्रीय पाहणी झाली आणि तीत आपल्या कामाचा शिक्षणाच्या विषयाशी किती संबंध आहे, हे त्यांनाच विचारण्यात आले. अर्थशास्त्रज्ञ जॉन रॉब्स्ट यांनी या माहितीचा अभ्यास करून २००७ मध्ये निष्कर्ष मांडले. सुमारे ५५ टक्के लोकांनी जवळचा संबंध सांगितला, २५ टक्क्यांनी थोडाफार, तर उरलेल्या २० टक्क्यांच्या मते काहीही संबंध नव्हता. संबंध नसलेल्यांचे वेतन सरासरीने कमी भरले, परंतु ही तूट सर्वांच्या वाट्याला सारखी आली नव्हती. ज्या शाखेत विशिष्ट व्यवसायापुरतेच कौशल्य शिकवले जाते, तिथून बाहेर पडणाऱ्याचे नुकसान जास्त होते. साहित्य किंवा तत्सम विषयांत मिळणारी लेखन-विचाराची तयारी अनेक कामांत चालते, म्हणून तिथे विसंगती वारंवार दिसते, पण ती फारशी महाग पडत नाही.

कारणे पाहिली की चित्र आणखी बदलते. क्षेत्रात नोकरीच मिळाली नाही म्हणून बाहेर पडलेला आणि जास्त पगार किंवा बढतीसाठी स्वखुशीने बाहेर पडलेला, हे दोघेही आकडेवारीत ‘विसंगत’ याच रकान्यात बसतात. पगार-बढतीचे कारण पुरुष अधिक देतात आणि कौटुंबिक कारण स्त्रिया, असेही रॉब्स्ट यांना आढळले. त्यामुळे केवळ टक्केवारीवरून शिक्षणव्यवस्था फसली असा निकाल देणे मला घाईचे वाटते.

यावर एक रास्त शंका निघते: मुळात कमी कुवतीचे लोकच विषयाबाहेर फेकले जात असतील, तर कमी वेतनाचा दोष विसंगतीला का द्यायचा? स्वीडनमधील नॉर्डिन, पेर्सन आणि रूथ यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बौद्धिक क्षमतेचा फरक हिशेबात धरून पाहिला, तरीही पुरुषांच्या उत्पन्नातील तूट टिकून राहिली, आणि ती अमेरिकी पुरुषांच्या दुप्पट निघाली. स्त्रियांची तूट मात्र अमेरिकेतल्याइतकीच होती.

आपल्याकडे यंत्र किंवा स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन संगणक आज्ञावली लिहिणारे तरुण पुण्या-बंगळुरूत सर्रास दिसतात. इन्फोसिससारखी कंपनी म्हैसूरच्या केंद्रात नवागतांना पगार देऊन प्रोग्रॅमिंग शिकवते, म्हणजे विषय जुळवण्याचा खर्च इथे कंपनीच उचलते. भरतीच्या वेळी पदवीकडे विषयाचे ज्ञान म्हणून नव्हे, तर कठीण गणित शिकून उत्तीर्ण झाल्याची खूण म्हणून पाहिले जाते. त्यात त्या तरुणाची चार वर्षांची यंत्रविद्या बहुतांशी पडून राहते, हा भाग वेगळा. स्वीडनमधील पुरुषांची तूट अनुभव वाढेल तशी घटत गेली होती, यावरून कामावर शिकलेले कौशल्य पदवीच्या विषयाची जागा काही प्रमाणात घेऊ शकते असे दिसते.