ट्रॅक डे : गाडीची आणि चालकाची पूर्वतयारी

रोजच्या वापरातली मोटार रेस ट्रॅकवर, मार्शलच्या (झेंडे दाखवून सूचना देणाऱ्या ट्रॅकवरच्या माणसांच्या) देखरेखीखाली वेगात चालवण्याचा दिवस म्हणजे ट्रॅक डे. ही शर्यत नसते. इथे क्रमांक लागत नाहीत, आणि ओव्हरटेक करायचे ते ठरवून दिलेल्या सरळ भागातच, तेही पुढच्याने हात दाखवल्यावर.

पुणे हे मोटारींचे शहर. एआरएआय ही वाहनचाचणी संस्था इथे १९६६ पासून आहे, चाकण-पिंपरीत गाड्या बनतात. पण नावाजलेले ट्रॅक दूर आहेत : चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई (सुमारे ३.७ किमी), कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे (२.१ किमी) आणि २०११ साली सुरू झालेला ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट (५.१ किमी). पुण्यात वारज्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ थेट इरुंगट्टुकोट्टईपर्यंत जातो, अंतर मात्र हजार किलोमीटरच्या वर. पुणेकराच्या तयारीचे गणित यावरूनच ठरते. दिवसभर ट्रॅकवर तापलेली गाडी त्याच चाकांवर घरी यायची असते.

म्हणून पहिला खर्च ब्रेकवर करावा, इंजिनची ताकद वाढवण्यावर नव्हे. वेग दुप्पट झाला की थांबताना जिरवायची ऊर्जा चौपट होते. सिंहगडावरून गिअरऐवजी ब्रेकवर गाडी रोखत उतरले की चाकांतून करपट वास येतो. ट्रॅकवर ती वेळ दोन-तीन फेऱ्यांतच येऊ शकते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट ४ दर्जाचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल धरल्यावर ही हमी १५५ अंशांवर येते. ऑइल उकळले की पाइपात वाफ होते, वाफ दबते आणि पेडल थेट तळाला जाते. पावसाळा काढलेले ऑइल बदलूनच निघावे. चारही चाकांच्या ब्लीडिंग निपलमधून (ब्रेकमधले ऑइल बाहेर काढायच्या छोट्या तोटीतून) स्वच्छ, बुडबुडे नसलेले ऑइल येईपर्यंत मेकॅनिकजवळ उभे राहावे. नुसती वरची टाकी रिकामी करून भरणे म्हणजे बदलणे नव्हे. ब्रेक पॅड (डिस्कला घासून चाक रोखणारे तुकडे) निम्म्याहून जास्त शिल्लक हवेत. अस्सल रेसिंग पॅड थंड असताना नीट धरत नाहीत, त्यामुळे परतीच्या हायवेवर ते धोक्याचे. पहिल्या वेळी कंपनीचे नवे पॅड पुरतात.

टायर जुने, भेगाळलेले नसावेत; बाजूच्या चार आकडी शिक्क्यातून निर्मितीचा आठवडा आणि वर्ष कळते. चाकांचे नट टॉर्क रेंचने (किती जोराने आवळले ते मोजणाऱ्या पान्याने) कंपनीने सांगितलेल्या मापाला आवळावेत. इंजिन ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत असावे, कारण लांब वळणात ते एका बाजूला सरते. स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, चालकाच्या पायाखालची मॅट असे सुटे सामान पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबवायच्या जागेत) उतरवून ठेवावे.

चालकाला फुलफेस हेल्मेट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि पातळ तळाचे बंद बूट लागतात. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोहोचले, तर बैठक बरोबर. मार्शलचे झेंडे तोंडपाठ असावेत : पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक नाही, लाल म्हणजे सत्र (ट्रॅकवरची एका वेळची पाळी) थांबले, सावकाश पिटकडे, निळा म्हणजे मागे वेगवान गाडी. ईएसपी (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) पहिल्या दिवशी बंद करू नये. प्रशिक्षक मिळत असेल तर फी जरूर द्यावी, कारण नजर पुढच्या वळणावर ठेवायची सवय एकट्याने लवकर लागत नाही.

कागदपत्रांतही एक मेख आहे. नेहमीची मोटार विमा पॉलिसी संघटित शर्यत आणि वेगचाचणी यांतले नुकसान वगळते. पॉलिसीतले कलम वाचून, कंपनीला लेखी विचारूनच जावे. ताम्हिणी घाटात 'सराव' करणे हा मात्र पर्याय नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे गुन्हा आहे आणि वळणापलीकडे कुणाचे तरी कुटुंब येत असते.

प्रत्येक सत्राची शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता हळू मारतात, म्हणजे डिस्क थंड होतात. थांबल्यावर हँडब्रेक ओढत नाहीत; गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला उटी (अडसराचा ठोकळा किंवा दगड) लावतात. पिटमध्ये येताच टायरची हवा मोजली तर ती चार-पाच पीएसआयने चढलेली सापडते. ती कमी केली असेल, तर पुण्याकडे निघण्यापूर्वी टायर थंड झाल्यावर दारावरच्या स्टिकरप्रमाणे पुन्हा भरावी आणि पॅडची जाडी त्याच वेळी पाहून घ्यावी.