साचे आणि स्क्रिप्ट यांची दुरुस्ती (विकी)

साचे आणि स्क्रिप्ट यांची दुरुस्ती : मिडियाविकी या आज्ञावलीवर चालणाऱ्या सामायिक विकीवर (अनेकांनी मिळून संपादायच्या संकेतस्थळावर) एखादा साचा, विभाग (मॉड्यूल) किंवा सदस्याची स्क्रिप्ट बिघडली, तर दोषाचे मूळ शोधणे, तो धूळपाटीवर (प्रयोगासाठीच्या पानावर) पुन्हा घडवून पाहणे आणि इतर पानांना इजा न होऊ देता काढणे, असे हे काम आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तिथल्या लेखांतील माहितीचौकटी, तळाच्या पट्ट्या, संदर्भांची मांडणी, नकाशावरचा ठिपका हे सगळे साच्यांवर उभे आहे. त्यामुळे लेख लिहिणाऱ्याची या कामाशी आज ना उद्या गाठ पडतेच. पुढील उदाहरणे कोल्हापूर जिल्ह्याविषयीच्या लेखांत येणाऱ्या माहितीवर बेतलेली आहेत.

साचा म्हणजे इतर पानांनी बोलावून घ्यायचे पान. जिल्ह्यातील तालुक्यांची पट्टी एकदा लिहिली की करवीर, पन्हाळा, शाहूवाडी, हातकणंगले, शिरोळ, कागल, गडहिंग्लज, आजरा, चंदगड, भुदरगड, राधानगरी आणि गगनबावडा या बाराही तालुक्यांच्या लेखांत ती एका ओळीत उतरते. सोय आणि धोका, दोन्ही इथेच आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या फाउंड्रीत साच्याला तडा गेला, तर पुढच्या नगांवर तो उमटतो. विकीवर मात्र पूर्वीच ओतून झालेले नगही त्याच क्षणी सदोष होतात. एक कंस राहिला, की बाराही लेख एकदम फुटलेले दिसू लागतात.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी पहिला विकी खुला केला, तेव्हा त्यात साचे नव्हते. मिडियाविकीत साच्यांसाठी स्वतंत्र नामविश्व (पानांचा वेगळा विभागलेला गट) २००४ मध्ये आले. अट तपासणारे ‘इफ’, पर्याय निवडणारे ‘स्विच’, गणित करणारे ‘एक्स्प्र’ ही फलने (ठरावीक काम करणाऱ्या तयार आज्ञा) २००६ मध्ये आली, आणि लुआ भाषेत लिहिलेले विभाग विकिमीडियाच्या विकींवर २०१३ पासून वापरता येऊ लागले. नवे आले म्हणून जुने गेले नाही. एकाच माहितीचौकटीत हे सगळे थर एकमेकांवर रचलेले आढळतात, आणि दोष वरच्या थरात दिसला तरी तो बहुधा खालच्या एखाद्या उपसाच्यात असतो.

मराठी अंक आणि अक्षरे

मराठी विकीवरचे बरेच मोठे साचे इंग्रजी विकीवरून आणलेले आहेत. तिथे ते बिनतक्रार चालतात आणि इथे अडखळतात, याचे सर्वांत मोठे कारण देवनागरी अंक आणि अक्षरे हे आहे. दुरुस्ती शिकवणाऱ्या बहुतेक पानांत याचा उल्लेखही नसतो, म्हणून इथे थोडे विस्ताराने लिहिले आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ आहे आणि क्षेत्रफळ ७,६८५ चौ. किमी. भागाकार केला की दर चौ. किमी.ला सुमारे ५०४ ही घनता मिळते. हा भागाकार चौकटीने आपोआप करावा अशी अपेक्षा असते. पण ‘एक्स्प्र’ला फक्त रोमन लिपीसोबत वापरले जाणारे अंक (0 ते 9; पुढे यांनाच रोमन अंक म्हटले आहे) कळतात. देवनागरी अंक दिले की ते लाल अक्षरांत चूक दाखवते. अंक रोमन ठेवून मधले स्वल्पविराम राहू दिले तरी तीच गत. यावर ‘फॉर्मॅटनम’ हे फलन ‘आर’ या खुणेसह, म्हणजे उलट दिशेने, वापरायचे. त्याने स्वल्पविराम झडतात व अंक रोमन होतात. उत्तर आले की तेच फलन सरळ वापरून आकडा पुन्हा देवनागरीत आणायचा. घाईत असलेला संपादक लेखातला आकडाच रोमन करून टाकतो आणि चूक गेली असे मानतो. ही दुरुस्ती नव्हे. मराठी वाचक आणि लेखक ज्या अंकांत लिहितात ते अंक साच्याला समजले पाहिजेत. लेखकाने साच्यापायी आपले अंक सोडण्याचे कारण नाही.

लुआ विभागांत हाच प्रश्न अधिक फसवा होतो. अक्षरे हाताळणाऱ्या लुआच्या मूळ ‘स्ट्रिंग’ संग्रहाला देवनागरी अंक हे अंक वाटतच नाहीत. मिडियाविकीने पुरवलेल्या ‘यूस्ट्रिंग’ संग्रहाला ते वाटतात. म्हणून ‘हा अंक आहे का’ ही तपासणी ‘यूस्ट्रिंग’ने केली तर ५०४ उत्तीर्ण होतो, आणि लगेच पुढच्या ओळीत मजकुराचा आकडा करणारा ‘टूनंबर’ त्याच ५०४ चे उत्तर ‘निल’, म्हणजे काहीच नाही, असे देतो. मग बेरीज-भागाकाराच्या ओळीवर विभाग कोसळतो. त्रुटीच्या संदेशात ओळ क्रमांक येतो तो भागाकाराचा. दोष असतो अंक न बदलता पुढे पाठवणाऱ्या ओळीत.

अक्षरांची मोजणीही नीट समजून घ्यावी लागते. ‘कोल्हापूर’ हा शब्द वाचणाऱ्याला चार अक्षरांचा दिसतो : को, ल्हा, पू, र. युनिकोडच्या (लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रणालीच्या) हिशेबी त्यात नऊ चिन्हे आहेत, कारण काना, मात्रा, उकार आणि हलन्त वेगवेगळे धरले जातात. यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून साठवताना त्याचे २७ बाइट होतात. ‘स्ट्रिंग’ संग्रह २७ सांगतो, ‘यूस्ट्रिंग’ नऊ सांगतो. इंग्रजीसाठी लिहिलेला विभाग जेव्हा ‘पहिले दहा’ कापून घेतो, तेव्हा तो तीन चिन्हे आणि चौथ्याचा एक तुकडा उचलतो, आणि पानावर प्रश्नचिन्हाचा काळा चौकट उमटतो. असा चौकट दिसला की विभागात ‘स्ट्रिंग’ कुठे वापरले आहे ते आधी पाहावे.

त्याहून अवघड दोष डोळ्यांना दिसतच नाहीत. ‘पंचगंगेच्या खोऱ्यात’ किंवा ‘कऱ्हाड’ यांतला ऱ् दोन प्रकारे टंकला जातो : एक, स्वतंत्र ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त, दुसरा, साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण ‘स्विच’ला ते दोन वेगळे शब्द आहेत. ‘ॲ’चेही तसेच. त्यासाठी स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीचा मजकूर ‘अ’वर चंद्र देऊन किंवा ‘ऍ’ वापरून लिहिलेला आहे. साठवताना विकी जे सामान्यीकरण करते, म्हणजे एकाच अक्षराची भिन्न रूपे एकसारखी करते, त्यात ही रूपे एक होत नाहीत. तुलना फसते आणि कारण सापडत नाही, अशा वेळी दोन्ही शब्दांची लांबी ‘यूस्ट्रिंग’ने काढून पाहावी. आकडे वेगळे आले की उलगडा होतो.

नावांची भिन्न रूपे हा त्यातला सोपा भाग. जनगणनेच्या यादीत ‘बावडा’ असलेला तालुका लेखांत ‘गगनबावडा’ असतो. ‘स्विच’मध्ये दोन्ही रूपे एकापुढे एक ठेवून एकच उत्तर देता येते. पण कोल्हापूर शहरातच कसबा बावडा हे उपनगर आहे, आणि शहराच्या लेखात कोणी नुसते ‘बावडा’ लिहिले तर त्याला तो अभिप्रेत असतो. साच्यात पर्याय वाढवण्याआधी ते नाव कुठल्या पानांवर कोणत्या अर्थाने आले आहे हे ‘येथे काय जोडले आहे’ या दुव्यावरून पाहिलेले बरे.

नेहमीचे दोष

महिरपी कंस दोन हवेत की तीन, हा गोंधळ सर्वाधिक. दोन कंसांनी साचा बोलावला जातो, तीन कंसांनी साच्याला दिलेली किंमत (त्यात भरलेली माहिती) वाचली जाते. किंमत वाचताना उभ्या रेघेनंतर जो पर्याय लिहितात, तो ती किंमत दिलीच नसेल तरच लागू होतो. चौकटीत ‘उंची =’ असे लिहून पुढे मोकळे सोडले, तर किंमत दिलेली आहे, फक्त रिकामी; पर्याय येत नाही आणि चौकटीत नुसता ‘मीटर’ लटकत राहतो. त्यासाठी ‘इफ’ लागते. लुआत याच्या उलट फसगत होते : तिथे रिकामी अक्षरमाला ‘खरी’ धरली जाते, म्हणून रिकामेपणा वेगळा तपासावा लागतो.

नाव न देता पाठवलेल्या किमतीत ‘बरोबर’चे चिन्ह आले, उदाहरणार्थ एखादा लांब दुवा, तर त्या चिन्हाच्या डावीकडचा भाग नाव समजला जातो आणि किंमत गायब होते. किमतीच्या आधी ‘1=’ असे रोमन अंकात लिहिले की काम होते. अंक देवनागरी लिहिला तर ते वेगळेच नाव ठरते. नावाने दिलेल्या किमतीच्या कडेच्या मोकळ्या जागा विकी छाटते, बिननावाच्या छाटत नाही. यादीच्या मधोमध अचानक उगवणाऱ्या रिकाम्या ओळींचे मूळ पुष्कळदा इथे असते.

मर्यादांमुळे होणारे बिघाड आणखी वेगळे. ‘हे पान अस्तित्वात आहे का’ असे विचारणारे फलन एका पानावर ५०० वेळाच चालते. कोल्हापूर जिल्ह्यात हजाराहून अधिक गावे आहेत. सर्वांची यादी एकाच पानावर करून प्रत्येकापुढे ही चौकशी ठेवली, तर पहिली ५०० गावे बरोबर दिसतील आणि त्यापुढच्या प्रत्येक गावाचा लेख नाही असेच उत्तर येईल, लेख असला तरी. साच्यात काहीच चूक नसते; यादी तालुकावार पानांत विभागणे हाच उपाय. उलगडलेल्या साच्यांच्या एकूण मजकुराला २०,९७,१५२ बाइटांची मर्यादा आहे. ती ओलांडली की पुढचे साचे उघडतच नाहीत, त्यांच्या जागी नुसते दुवे दिसतात. देवनागरी मजकूर तिप्पट बाइट घेत असल्यामुळे इंग्रजीत मावलेली रचना मराठीत मावेलच असे नाही. लुआला एका पानामागे दहा सेकंद मिळतात. पानाची झलक पाहिली की संपादन चौकटीखाली या सर्व मर्यादांचा हिशेब मिळतो.

जुलै २०१८ मध्ये विकिमीडियाने पानांचे एचटीएमएल नीटनेटके करणारी ‘टायडी’ ही जुनी आज्ञावली काढून ‘रेमेक्स’ आणली. टायडी न मिटलेल्या खुणा गुपचूप सांभाळून घेत असे. त्यामुळे त्याआधीच्या काळात लिहून पुढे कोणी हात न लावलेल्या साच्यात तक्त्याबाहेरचा मजकूरही बारीक किंवा तिरपा दिसू लागला, तर न मिटलेली खूण शोधावी.

शोधण्याची रीत

‘साचा गंडलाय’ एवढ्या निरोपावरून काहीच करता येत नाही. कोणते पान, कोणती किंमत दिली होती, काय दिसायला हवे होते आणि काय दिसले, या चार गोष्टी हव्यात. ‘दादा, पन्हाळ्याच्या लेखात क्षेत्रफळ भरल्यावर घनतेच्या ओळीत लाल अक्षरे येतात, भुदरगडच्या लेखात येत नाहीत’ असे चावडीवर (विकीच्या सामायिक चर्चापानावर) कोणी लिहिले, तर अर्धे काम झालेले असते, कारण दोन लेखांतला फरक हाच पुढचा धागा.

बिघाड एकाच लेखात असेल तर दोष बहुधा लेखातल्या किमतीत, सगळीकडे असेल तर साच्यात. साच्याच्या इतिहासात अलीकडे बदल नसेल, तर संपादन पानाच्या तळाशी दिसणाऱ्या उपसाच्यांचा आणि विभागांचा इतिहास पाहावा. बदल करून परिणाम दिसत नसेल, तर आधी पानाचा साठा (विकीने जपून ठेवलेली तयार प्रत) ताजा करावा. साच्यातला बदल तो वापरणाऱ्या पानांपर्यंत कामांच्या रांगेतून पोचतो आणि त्याला वेळ लागतो. साठा ताजा केल्याने दर्शनी मजकूर सुधारतो; वर्गातली नोंद जुनीच राहिली तर ते पान काही न बदलता एकदा जतन करावे लागते. न झालेला दोष दुरुस्त करण्यात गेलेला वेळ बहुतेक या साठ्यामुळे गेलेला असतो.

त्यानंतर निम्मे-निम्मे करत जाण्याची पद्धत सर्वांत भरवशाची. साच्याची प्रत धूळपाटीवर घ्यावी, निम्मी कलमे काढावीत, झलक पाहावी. दोष राहिला तर तो उरलेल्या निम्म्यात, गेला तर काढलेल्या निम्म्यात. ३२ कलमांची चौकट अशी पाच वेळा विभागली की एक कलम उरते. साचे उलगडून दाखवणारे विशेष पान इथे फार उपयोगी पडते; आतले प्रत्येक फलन कशात बदलले ते तिथे उघडे दिसते. लुआ विभागाच्या बाबतीत लाल त्रुटीवर टिचकी मारली की कोणत्या ओळीने कोणाला बोलावले ती साखळी मिळते, आणि विभागाच्या संपादन पानाखालच्या चाचणीखिडकीत एकेक फलन चालवून पाहता येते. एका वेळी एकच बदल करावा. दोन केले आणि दोष गेला, तर कशाने गेला हे कळत नाही.

साचा जतन करण्याआधी तो वापरणाऱ्या निदान तीन पानांवर झलक पाहावी : सर्व किमती भरलेले एक, जवळजवळ रिकामे एक, आणि जोडाक्षरे, ऱ् व देवनागरी दशांश यांनी भरलेले एक. कोल्हापूरच्या १६.७० उत्तर, ७४.२४ पूर्व या सहनिर्देशकांवर नकाशाचा ठिपका योग्य जागी पडला, तर पुष्कळ काही नीट आहे असे समजावे.

सदस्याच्या स्क्रिप्ट

स्क्रिप्ट ही जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली असते आणि वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालते, म्हणून तिचा बिघाड एकालाच दिसतो, शेजाऱ्याला नाही. पत्त्यात सुरक्षित स्थितीचा पर्याय जोडून पान उघडले की विकीच्या, गॅझेटांच्या (पसंतीक्रमातून चालू करायच्या जादा सोयींच्या) आणि सदस्याच्या स्क्रिप्ट बंद होतात. तरीही बिघाड राहिला तर दोष स्क्रिप्टचा नाही. गेला, तर पसंतीक्रमातली गॅझेटे निम्मी-निम्मी बंद करून पाहावीत, आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (त्रुटी दाखवणाऱ्या खिडकीत) पहिली लाल ओळ वाचावी. पुढच्या ओळी अनेकदा तिचेच परिणाम असतात.

मराठीची अडचण इथेही आहे. शुद्धलेखन सुधारणाऱ्या स्क्रिप्टमध्ये शब्दाची हद्द ओळखणारे जे चिन्ह वापरतात, त्याला देवनागरी अक्षरे शब्दाचा भाग वाटत नाहीत. त्यामुळे दोन्ही बाजूंनी हद्द घालून ‘कागल’ शोधले तर मराठी वाक्यात ते सापडतच नाही. हद्द काढून टाकली तर ‘कागलकर’ या आडनावातही बदल होतो. शोधाच्या नमुन्यात आगे-मागे देवनागरी चिन्ह नसावे अशी अट स्वतः लिहावी लागते, आणि ‘कागलचा’, ‘कागलमध्ये’, ‘कागलहून’ ही रूपे चालवून घ्यायची की नाही हेही आधी ठरवावे लागते. एकाच दमात शेकडो पाने बदलणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ही अट विसरली, तर झालेले नुकसान हाताने निस्तरावे लागते.

दुसऱ्याची स्क्रिप्ट आपल्या ‘कॉमन.जेएस’ या वैयक्तिक स्क्रिप्टच्या पानावर जशीच्या तशी डकवू नये. ती आपल्या खात्याच्या अधिकाराने चालते आणि आपल्या नावावर संपादने करू शकते. संपूर्ण विकीवर चालणाऱ्या स्क्रिप्ट बदलण्याचा अधिकार याच कारणाने २०१८ पासून सर्व प्रचालकांकडून (विकीची व्यवस्था पाहणाऱ्या सदस्यांकडून) काढून आंतरपृष्ठ प्रचालकांच्या लहान गटाकडे दिला गेला. ज्याला तो अधिकार नाही, त्याने धूळपाटीवर तपासलेला बदल चर्चापानावर मांडून विनंती करायची. विनंतीसोबत तपासलेल्या पानांचे दुवे असावेत. दुरुस्ती झाल्यावर साच्याच्या दस्तऐवज पानावर कारणासह नोंद करावी, विशेषतः अंक उलटण्याची किंवा ऱ्-ची दोन्ही रूपे सांभाळण्याची ओळ का घातली ते. इंग्रजी विकीवरून साच्याची नवी आवृत्ती आणताना ज्या स्थानिक ओळी पुसल्या जातात, त्या बहुतेक याच असतात.