जुन्या जीपचं स्टिअरिंग आणि ‘बदल’ या शब्दाचा घोळ

स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबईत जुळवल्या जाऊ लागलेल्या जीप आणि त्याआधी लष्कराच्या लिलावात विकल्या गेलेल्या जीप, दोन्हींचं स्टिअरिंग एकाच घराण्यातलं. स्टिअरिंग बॉक्समधून निघालेली जोडदांडी, म्हणजे ड्रॅग लिंक, पुढच्या बेल क्रँकला (पिनवर फिरणारी कोनातली तरफ) जाते आणि तिथून टाय रॉड नावाच्या दोन दांड्या दोन चाकांना. हातापासून चाकापर्यंत सांधेच सांधे. प्रत्येक सांधा केसभर झिजला तरी सगळं मिळून स्टिअरिंगचं चक्र बरंच मोकळं फिरतं. बेल क्रँकची पिन आणि तिचं निडल बेअरिंग चिखलापाण्यात सगळ्यात आधी जातं. मग एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाकं अशी फडफडू लागतात की वेग पार खाली आणल्याशिवाय थांबत नाहीत.

दुसऱ्या गाडीचे पार्ट बसवायची सुरुवात या फडफडीतून झाली. त्यात हौस फारशी नव्हती. नंतरच्या पिढीतल्या डिझेल गाड्यांमध्ये रीसर्क्युलेटिंग बॉलचा, म्हणजे आत फिरत्या छऱ्यांवर चालणारा, स्टिअरिंग बॉक्स आला, आणि त्या गाड्या भंगारात निघू लागल्यावर कुर्ल्यासारख्या बाजारांत तो सुटा मिळू लागला. अमेरिकेत अशा बदलासाठी तयार किट होते, पण ते डावीकडे चक्र असलेल्या गाड्यांचे, आपल्याला निरुपयोगी. म्हणून इथल्या गॅरेजवाल्यांनी आपापलं गणित बसवलं. बेल क्रँक काढायचा, दोन टाय रॉडच्या जागी एकच लांब टाय रॉड घालायचा आणि बॉक्समधून बाहेर येणारा हात, म्हणजे पिटमन आर्म, थेट आडव्या ड्रॅग लिंकला जोडायचा.

यातली खरी कसोटी लोकांना वाटते तिथे नसते. बॉक्स कुठेही बसवता येतो, पण बॉल जॉइंटची पिन शंकूसारखी निमुळती असते आणि तिचा उतार गाडीगणिक वेगळा. पिन नकलच्या (चाक वळवणारा सांधा) भोकात पूर्ण टेकली नाही तर नट कितीही आवळा, ती आत हलत राहते आणि एक दिवस मानेशी तुटते. चांगला कारागीर पिनला निळा रंग लावून भोकात फिरवतो आणि बाहेर काढून रंग सगळीकडे सारखा पुसला गेलाय का ते पाहतो. नसेल तर टेपर रीमरने भोक त्या उताराचं करून घेतो. वाईट कारागीर वॉशर घालतो. आणि पिटमन आर्म कापून वेल्डिंगने लांब करणाऱ्याच्या गाडीत मी तरी कुणाला बसू देणार नाही.

सस्पेन्शनची गोष्ट जवळचीच, पण तिचा हेतू वेगळा. सातारा-कोल्हापूर पट्ट्यात वडापच्या, म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या, गाड्यांना स्प्रिंगचा जादा पाटा घातला जायचा तो माणसं पेलायला. गेल्या काही वर्षांत ॲक्सलखालचे (चाकांमधला आस) पाटे ॲक्सलवर नेऊन गाडी उचलली जाते ती बहुतेक दिसण्यासाठी. गाडी वर जाते, ड्रॅग लिंक तिरपी होते. मग चाक वर-खाली झालं की लिंकची टोकं एका कमानीत फिरतात आणि ॲक्सल दुसऱ्याच, त्यामुळे चक्र स्थिर धरलं तरी गाडी स्वतःहून वळते. बॉक्स बदलणं ही माझ्या मते दुरुस्ती आहे. गाडी उचलणं नाही.

कायदा मात्र हा फरक करत नाही, आणि सगळा गुंता इथेच आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये मूळ भूमिका परवानगीची होती: आरसीतला (नोंदणी प्रमाणपत्र) तपशील चुकीचा ठरेल असा बदल करायचा असेल तर आधी कळवा आणि मंजुरी घ्या. फिटिंगमुळे वजनात पडणारा दोन टक्क्यांपर्यंतचा फरक तर विचारायचीही गरज नव्हती. 2000 च्या दुरुस्तीने रोख पालटला. आरसीतला तपशील कारखान्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करायचाच नाही. आणि ‘बदल’ म्हणजे काय? गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्याने तिचं मूलभूत वैशिष्ट्य पालटतं.

आता आरसी उघडून पाहा. चेसिस नंबर, इंजिन नंबर, रंग, आसनं, व्हीलबेस, वजन. स्टिअरिंग बॉक्सचा प्रकार नाही, पाटे ॲक्सलच्या वर की खाली तेही नाही. मग आरसीत जे नोंदलेलंच नाही ते विसंगत कसं होणार? उलट बाजूने, चाकं कशी वळतात हे मूलभूत वैशिष्ट्य नाही तर दुसरं कोणतं? दोन्ही वाचनं शब्दाला धरून आहेत. 9 जानेवारी 2019 ला देशातल्या सर्वोच्च न्यायासनाने केरळातल्या एका प्रकरणात कडक बाजू घेतली. राज्याचे नियम काहीही म्हणोत, मूळ तपशिलाशी विसंगत रचना चालणार नाही. तो वाद गाडीच्या रचनेचा होता, स्टिअरिंगच्या सांध्यांचा नव्हे. पण त्यानंतर सगळे बदल एकाच मापाने मोजले जाऊ लागले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत परवानगी नसलेल्या अशा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. केंद्राला रेट्रोफिटिंगचे निकष ठरवता येतील हेही तिथेच लिहिलंय, पण चर्चा झाली ती दंडाची.

याला लागूनच 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला स्टिअरिंगचा नियम आहे, तो क्वचितच कुणी वाचतो. चक्रातली मोकळी ढिलाई 30 अंशांपेक्षा जास्त नसावी, बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात, नट लॉक केलेले असावेत. 30 अंश म्हणजे घड्याळाचा काटा बारावरून एकवर जाईल इतकं. इतकं मोकळं फिरणारा झिजका बेल क्रँक या नियमात बसतो. तोच काढून घट्ट, नीट रीम केलेला बॉक्स बसवला की प्रश्न सुरू होतात.

पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीचं पासिंग, म्हणजे तपासणी करून नोंदणीचं नूतनीकरण, दर पाच वर्षांनी करावं लागतं. तिथे चेसिस नंबरचा ठसा कागदावर पेन्सिल घासून घेतात. एकाने चक्र हलवायचं आणि दुसऱ्याने खाली झोपून कोणता सांधा आधी हलतो ते बघायचं, याला पाच मिनिटं लागतात.